विज्ञानकथेतील पंक्तिप्रपंच

एकाच पंक्तीला बसलेल्या दोघांपैकी एकाच्या पानात साजूक तूप वाढायचे आणि दुसऱ्याची बोळवण नुसत्या वरणावर करायची, याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात. जेवणाच्या पंगतीत तो आता कोणी उघडपणे करीत नाही; साहित्याच्या पंगतीत मात्र तो राजरोस चालतो. बुद्धिमान यंत्राची कथा विज्ञानकथाकाराने लिहिली, की ती रंजन ठरते. तीच कथा एखाद्या प्रतिष्ठित कादंबरीकाराने लिहिली, की ती मानवी अस्तित्वाचे चिंतन ठरते. पहिलीचे परीक्षण वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात चार ओळींत उरकले जाते; दुसरीसाठी अर्धे पान, लेखकाची मुलाखत आणि पारितोषिकाची चर्चा राखून ठेवलेली असते. या पंक्तिप्रपंचाविषयी आम्हांला येथे थोडे स्पष्ट बोलायचे आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. ललित कादंबरीकारांनी विज्ञानकथेत पाऊल टाकू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. साहित्यप्रकार ही कोणाच्या बापजाद्यांची वतने नव्हेत. आमची हरकत येण्याला नसून येण्याच्या रीतीला आहे. दुसऱ्याने खपून बांधलेल्या घरात शिरावे, त्याच्या चुलीवर स्वयंपाक करावा आणि बाहेर येऊन मात्र 'येथे पूर्वी कोणी राहतच नव्हते' असे सांगावे, ही ती रीत होय. आयत्या बिळावर नागोबा, ही म्हण अशाच प्रसंगांसाठी घडली असावी.

अलीकडचे सर्वांत ठळक उदाहरण इंग्रज कादंबरीकार इयन मॅकइवन यांचे. त्यांच्या योग्यतेविषयी आम्हांला शंका नाही. १९९८ साली त्यांना बुकर पारितोषिक मिळाले, ते उगीच नव्हे. २०१९ साली त्यांची 'मशीन्स लाइक मी' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. त्या निमित्ताने दिलेल्या एका मुलाखतीत त्यांनी अशा आशयाचे उद्गार काढले, की प्रकाशाच्या दसपट वेगाने किंवा गुरुत्वाकर्षणाला दाद न देणारे बूट घालून केलेल्या प्रवासांपेक्षा, माणसासारख्या यंत्राच्या सहवासात निर्माण होणाऱ्या मानवी पेचांचा शोध घेण्याची संधी आता कादंबरीकारांना आहे. या उद्गारांवर गदारोळ उठला. आपण विज्ञानकथा वाचत आलो आहोत, आपल्या कादंबरीला कोणी विज्ञानकथा म्हटले तर आपल्याला आनंदच आहे, असा खुलासा मॅकइवन यांनी मागाहून केला. तो आम्ही प्रांजळ मानतो. परंतु पहिले उद्गार इतक्या सहजपणे तोंडून निघतात, याचे कारण काय? विज्ञानकथा म्हणजे बूट आणि वेग, मानवी पेच म्हणजे आपले कार्यक्षेत्र, ही वाटणी प्रतिष्ठित साहित्याच्या वर्तुळात इतकी गृहीत धरलेली आहे, की ती बोलून दाखवताना कोणाची जीभ अडखळत नाही.

आता हा मानवी पेच काय आहे, तो पाहू. मॅकइवन यांनी कल्पिलेल्या १९८२ सालच्या इंग्लंडमध्ये गणितज्ञ ॲलन ट्युरिंग जिवंत आहेत. प्रत्यक्षात ते १९५४ सालीच निवर्तले. कादंबरीत ते जगले, म्हणून यंत्रबुद्धीचे शास्त्र कित्येक दशके आधीच परिपक्व झाले. बाजारात पंचवीस यंत्रमानव आले आहेत, बारा ॲडम आणि तेरा ईव्ह. चार्ली नावाचा तरुण वारशाने मिळालेले पैसे खर्चून एक ॲडम घरी आणतो. मिरांडा या त्याच्या मैत्रिणीने, मृत सखीला न्याय मिळावा म्हणून, पूर्वी न्यायालयात खोटी साक्ष दिलेली असते. माणसाच्या दृष्टीने हे खोटे क्षम्य आहे, कदाचित उदात्तही आहे. ॲडमला मात्र असत्य मुळीच सोसत नाही. तो सत्य उघड करतो आणि ज्यांच्यावर आपले प्रेम आहे असे तो म्हणतो, त्यांचाच संसार उधळून लावतो. खोटे बोलू न शकणारे यंत्र आणि खोट्यावाचून जगू न शकणारी माणसे, हा पेच खराच आहे आणि लेखकाने तो ताकदीने मांडला आहे.

पण तो नवा आहे काय? आयझॅक असिमोव्ह यांची 'लायर!' ही कथा १९४१ च्या मे महिन्यात 'अस्टाउंडिंग' या अमेरिकन मासिकात प्रसिद्ध झाली. त्या कथेतील यंत्रमानवाला माणसांची मने वाचता येतात. माणसाला इजा करायची नाही, हा त्याचा पहिला नियम आहे. मन दुखावणे हीदेखील इजाच, असे तो तर्काने ठरवतो आणि म्हणून समोरच्याला जे ऐकावेसे वाटते तेच सांगू लागतो. सुसान कॅल्व्हिन या प्रौढ, एकाकी शास्त्रज्ञेला तो सांगतो, की तुझ्या सहकाऱ्याचे तुझ्यावर प्रेम आहे. ते खोटे असते. ते उघडकीला येते तेव्हा ती या यंत्राला असा प्रश्न घालते, की सांगितले तरी इजा आणि न सांगितले तरी इजा. आणि त्या कात्रीत त्याची बुद्धी कायमची मोडते. एका यंत्राला इजा करता येत नाही म्हणून ते खोटे बोलते, दुसऱ्याला खोटे बोलता येत नाही म्हणून ते इजा करते. एकाच नाण्याच्या या दोन बाजू आहेत, आणि पहिली बाजू दुसरीच्या अठ्ठ्याहत्तर वर्षे आधी, स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकात, विशीतल्या एका तरुणाने पाडलेली आहे. असिमोव्ह यांची भाषा रुक्ष आहे, त्यांची पात्रे थोडी ताठ आहेत, हे मान्य. पण मानवी पेच त्यांना ठाऊक नव्हता, असे म्हणण्यास धाडसच पाहिजे.

आणखी एक गोष्ट. विज्ञानकथेला तिचा म्हणून एक धर्म आहे. जगात एक गोष्ट बदलली असे मानले, की त्या एका बदलापायी आणखी काय काय बदलेल, याचा हिशेब पै-पैपर्यंत चुकता करायचा, हा तो धर्म. मॅकइवन यांचा ॲडम चार्लीच्या घरी बसून चलनांच्या आणि समभागांच्या व्यवहारांत बघता बघता पैसे कमावू लागतो. येथे साधा वाचकही विचारील, की एका तरुणाच्या घरातले यंत्र हे करू शकते, तर उरलेली चोवीस यंत्रे आणि ती बनवणारे कारखानदार काय करीत होते? बाजार जागच्या जागी कसा राहिला? लेखक या प्रश्नाजवळून निघून जातात, कारण त्यांना चार्लीच्या हाती पैसे हवे असतात आणि पुढे ॲडमने ते दान करून टाकलेले हवे असतात. प्रसंग साधला, हिशेब राहिला. एखाद्या नवोदित विज्ञानकथाकाराने हे केले असते, तर संपादकाने कथा साभार परत पाठवली असती. प्रतिष्ठितांना ही सूट का?

नावाचा प्रश्नही असाच आहे. मार्गारेट ॲटवुड यांची 'द हँडमेड्स टेल' १९८५ साली प्रसिद्ध झाली आणि १९८७ साली विज्ञानकथेसाठी नव्यानेच सुरू झालेले आर्थर सी. क्लार्क पारितोषिक पहिल्यांदा मिळाले ते याच कादंबरीला. तरीही आपण विज्ञानकथा लिहीत नाही, आज हाताशी असलेल्या साधनांनी जे घडू शकेल त्याची कथा लिहितो, असे त्या वर्षानुवर्षे सांगत आल्या. विज्ञानकथा म्हणजे जे अद्याप शक्यच नाही ते, अशी त्यांची व्याख्या. २००९ साली त्यांच्या 'द इयर ऑफ द फ्लड' या कादंबरीचे परीक्षण करताना अर्सुला ले ग्विन यांनी या व्याख्येवर नेमके बोट ठेवले. ही व्याख्या इतकी आखूड आहे, की ॲटवुड यांच्या कादंबऱ्यांना समीक्षकांच्या नावडत्या वस्तीत ढकलले जाऊ नये, एवढ्यासाठीच ती बेतलेली दिसते, असा त्यांचा आशय होता. ॲटवुड यांनी ही टीका मनाला लावून घेतली नाही. २०११ साली विज्ञानकथेविषयी एक संपूर्ण ग्रंथ लिहून तो त्यांनी ले ग्विन यांनाच अर्पण केला. हा मनाचा मोठेपणा नोंदवलाच पाहिजे. पण नावडतीचे मीठ अळणी ठरवणाऱ्या व्यवस्थेत आपण नावडती नाही, हे सिद्ध करण्याची धडपड इतक्या थोर लेखिकेलाही करावीशी वाटावी, यातच त्या व्यवस्थेचा दोष दिसतो.

या उंबरठ्यावरून फक्त एकाच दिशेने ये-जा करता येते, हे तर अधिकच खेदजनक आहे. वरच्या आळीतून खाली उतरणाऱ्याचे कौतुक होते. खालच्या आळीतून वर चढू पाहणाऱ्याला दारे बंद असतात. फिलिप के. डिक यांनी १९५०च्या दशकात साध्या, वास्तववादी कादंबऱ्या लिहून पाहिल्या. प्रकाशकांनी त्या एकामागून एक परत केल्या. त्यांतली एकच त्यांच्या हयातीत छापली गेली, तीही १९७५ साली. पोटापाण्यासाठी ते विज्ञानकथा लिहीत राहिले आणि माणूस कशाला म्हणावे, या प्रश्नाचा त्यांनी तेथेच पिच्छा पुरवला. १९८२ च्या मार्च महिन्यात ते वारले. त्यांच्या कादंबरीवर आधारलेला 'ब्लेड रनर' हा चित्रपट त्याच वर्षी जूनमध्ये झळकला. अमेरिकेच्या अभिजात साहित्याची मानाची ग्रंथमाला समजल्या जाणाऱ्या 'लायब्ररी ऑफ अमेरिका'त त्यांच्या कादंबऱ्या आल्या त्या २००७ साली, मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी.

याउलट, येण्याची रीत कशी असावी, याचे उदाहरण डोरिस लेसिंग यांनी घालून दिले आहे. 'द गोल्डन नोटबुक'ची लेखिका म्हणून त्यांचे नाव जगभर झाले होते. १९७९ ते १९८३ या काळात त्यांनी दूरच्या ग्रहमालांवरील साम्राज्यांची पाच कादंबऱ्यांची मालिका लिहिली. तिच्यातील 'शिकास्टा' या पहिल्याच कादंबरीच्या प्रास्ताविकात त्यांनी विज्ञानकथेचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आणि या साहित्याला हिणवणाऱ्या पंडितांना चार शब्द सुनावले. १९८७ साली ब्रायटन येथे भरलेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात त्या सन्माननीय पाहुण्या म्हणून हजर राहिल्या. याची किंमत त्यांना मोजावी लागली. २००७ साली त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा हॅरॉल्ड ब्लूम यांच्यासारख्या विख्यात समीक्षकाने त्यांच्या उत्तरकालीन लेखनाची चौथ्या दर्जाच्या विज्ञानकथा म्हणून संभावना केली. लेसिंग यांच्या त्या पाच कादंबऱ्या सारख्याच उतरल्या आहेत, असे आम्हीही म्हणणार नाही. परंतु त्या मागच्या दाराने आल्या नाहीत आणि गेल्याही नाहीत.

विज्ञानकथेचा हिशेब चुकता करायचा म्हणजे पानोपानी यंत्रांची वर्णने करायची, असाही कोणी अर्थ घेऊ नये. काझुओ इशिगुरो यांच्या 'नेव्हर लेट मी गो' या २००५ सालच्या कादंबरीत शास्त्र जवळजवळ नाहीच. अवयव काढून घेण्यासाठी कृत्रिम रीतीने जन्माला घातलेली मुले एका शाळेत वाढतात, एवढेच आपल्याला कळते. ती मुले पळून का जात नाहीत, असा आक्षेप विज्ञानकथेच्या कित्येक चाहत्यांनी घेतला. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच ती कादंबरी. या मुलांना लहानपणापासून जी भाषा शिकवली जाते, तिच्यात कापाकापीला 'दान' म्हणतात आणि मरण्याला 'पूर्ण होणे'. ज्यांच्या भाषेत 'पळणे' हा शब्दच रुजू दिलेला नाही, ती पळणार कशी? समाजाने अशी प्रथा स्वीकारली, तर तो तिच्यासाठी कोणते गोड शब्द घडवील, कोणत्या शाळा काढील, कोणत्या दयाळू बाई नेमील, याचा हिशेब इशिगुरो यांनी शेवटच्या दमडीपर्यंत मांडला आहे. ही कादंबरी बुकरच्या अंतिम यादीत होती आणि क्लार्क पारितोषिकाच्याही. दोन्ही पंगतींत एकच पान वाढले जाऊ शकते, ते असे.

आता आपल्या घराकडे वळू. मराठीत हे चित्र उलटे आहे आणि म्हणूनच विचार करण्याजोगे आहे. आपल्याकडे कादंबरीकार विज्ञानकथेकडे फारसे आलेच नाहीत. विज्ञानाची जाण असलेल्या लेखकांनी ती उभी केली. जयंत नारळीकर यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. कथेला पहिला क्रमांक मिळाला. या प्रसंगातील नैतिक सौंदर्य आमच्या मते फार मोठे आहे. जगन्मान्य शास्त्रज्ञ साहित्याच्या अंगणात येताना आपले नाव लपवतो, कारण त्याला आपल्या कथेची पारख हवी असते, कीर्तीची नव्हे. परदेशातले नामवंत कादंबरीकार याच्या नेमके उलट करतात: ते आपले नाव पुढे करतात आणि कथेची जात लपवतात.

आणि आपल्या साहित्यव्यवहाराने नारळीकरांना काय दिले? २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेले होते. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. वृत्तपत्रांतून श्रद्धांजलीचे रकाने भरले. पण 'यक्षांची देणगी' किंवा 'वामन परत न आला' यांची कथा-कादंबरी म्हणून, वाङ्मयीन कसोट्या लावून, खंडन-मंडन करीत समीक्षा कितीशी झाली? त्यांच्या गोष्टी आम्ही मुलांच्या हाती दिल्या आणि आपण सुटलो. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या वाट्याला तरी याहून वेगळे काय आले?

या नियमाला एक ठळक अपवाद अरुण साधू यांचा. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' लिहिणाऱ्या या कादंबरीकाराने 'विप्लवा' ही विज्ञान कादंबरीही लिहिली. राजकारणाच्या पटावरील प्यादी हलताना ज्याने जवळून पाहिली, त्याला विज्ञानाच्या पटावर काय हलते आहे, याचेही कुतूहल वाटले. परंतु साधूंची चर्चा निघाली की ती 'सिंहासन'पाशी थांबते. त्यांची वाट पुढे कोणी रुंद केली नाही.

येथे आमच्यावर एक आक्षेप घेतला जाईल. विज्ञानकथांतील माणसे पुठ्ठ्याची असतात, भाषा अहवालाची असते आणि शेवटी शास्त्रज्ञ फळ्यापाशी उभा राहून सगळे समजावून सांगतो. मग रसिकाने ती का वाचावी? आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे. विज्ञानकथेतील नव्वद टक्के माल टाकाऊ असतो, या आरोपावर थिओडोर स्टर्जन या अमेरिकन लेखकाने दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: नव्वद टक्के टाकाऊ तर सगळेच असते. आपल्या दिवाळी अंकांतील ग्रामीण कथा, कौटुंबिक कथा, ऐतिहासिक कादंबऱ्या यांची परीक्षा आपण त्यांतल्या उत्तमांवरून करतो. विज्ञानकथेची मात्र तिच्यातल्या सामान्यांवरून. आणि माणसे पुठ्ठ्याची आहेत, हीच तक्रार असेल, तर ज्यांना हाडामांसाची माणसे उभी करता येतात, त्यांनी यावे आणि ती उभी करावी. आम्ही दार अडवून उभे नाही.

किंबहुना ते आले पाहिजेत, असा आमचा आग्रह आहे, कारण हा प्रश्न केवळ मानपानाचा नाही. हातांचे काबाडकष्ट करून ज्याच्या बोटांचे ठसे झिजले, त्या मजुराला शिधावाटप दुकानातले यंत्र ओळखत नाही, ही कल्पना नव्हे. हे आपल्या देशात घडलेले आहे. याच्या दोन पावले पुढे काय? उद्या यंत्र केवळ ओळख पटवणार नाही, पात्रताही ठरवील. मग दाद कोणाकडे मागायची? भरतीचे पाणी दर वर्षी बोटभर अधिक आत आले, तर मिठागराचे काय होईल, खारजमिनीवरच्या भाताचे काय होईल, कोळीवाड्यातले सोयरसंबंध कोणत्या दिशेने सरकतील, सातबाऱ्यावर जी जमीन आहे पण पायाखाली नाही, तिचे भांडण कोणत्या न्यायालयात चालेल? या प्रश्नांना समुद्राचे शास्त्र ठाऊक असलेला लेखक हवा आणि कोळीवाडा ठाऊक असलेलाही. दोघे एकाच देहात नांदले, तर मराठीत एक मोठी कादंबरी होईल. असा विचार साहित्याने केला नाही, तर तो थांबणार नाही. यंत्रे विकणारे आणि जमिनी घेणारे तो आपल्या सोयीने करतील आणि त्यांच्या हिशेबात मजूर आणि कोळी यांना जागा नसेल.

म्हणून या वाटेने येऊ इच्छिणाऱ्या कादंबरीकारांकडे आमचे मागणे तीनच आहे. आधी वाचा, तुमच्या मनात आलेली कल्पना कोणी, केव्हा आणि कुठवर नेली होती, ते पाहा, म्हणजे तुम्हांला तिच्या पुढे जाता येईल. दुसरे, नाव नाकारू नका. विज्ञानकथा लिहिली असेल, तर विज्ञानकथा म्हणा. तिसरे, एक गोष्ट बदललीत तर तिचे सगळे परिणाम अंगावर घ्या; सोयीचा तेवढा परिणाम उचलून बाकीचे झाकून ठेवू नका. समीक्षकांकडे मागणे एकच आहे. आतली कथा वाचून झाल्याखेरीज मुखपृष्ठावरील नावाकडे पाहू नका. मराठी विज्ञान परिषदेच्या परीक्षकांनी १९७४ साली, नकळत का होईना, तेच केले होते, आणि त्यांचा निकाल चुकला नाही.